ओव्हरक्लॉकिंग करायचंच नाही, तर गेमिंगसाठी मदरबोर्ड कोणता घ्यावा?

तापीकाठ (भुसावळ)

नमस्कार मंडळी. जूनच्या पहिल्याच वादळी पावसात घरचा पीसी गेला. वीज कडाडली, लाइट गेली, आणि परत आली तेव्हा बटण दाबून पंखासुद्धा हलेना. दुरुस्तीवाला म्हणतो, बोर्ड, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड तिन्ही गेले. पीसी धाकट्या भावाचा. तो व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळतो.

उरलंय ते असं: ८ जीबीच्या, ३२०० वेगाच्या दोन डीडीआर४ रॅम, ५०० जीबीचा एनव्हीएमई एसएसडी, ५५० वॉटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), कॅबिनेट आणि १०८०पी मॉनिटर. गेलेल्या तिन्ही वस्तूंसाठी माझ्याकडे ४५ हजार आहेत. दुकानदार म्हणतो, "गेमिंग करायचंय ना, मग झेड सिरीजचाच बोर्ड घ्या." त्या एकट्या बोर्डाचे १८ हजार! ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळवणं, आम्ही करणार नाही. खोलीत एसी नाही, आणि आमचा मे महिना कसा असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. मला यातलं फार कळत नाही. पैसे चुकीच्या जागी जाऊ नयेत, एवढंच.

मोर्णाकाठचा

दादा, १८ हजारांचा बोर्ड घेऊ नका. चिपसेट म्हणजे बोर्डाला काय काय जमेल ते ठरवणारी चिप. झेड चिपसेटचा मुख्य फायदा म्हणजे प्रोसेसरचा वेग वाढवायची मुभा, आणि ती नावात 'के' असलेल्या प्रोसेसरसाठी. तुमच्या बजेटमध्ये इंटेलचा आय५-१२४००एफ प्रोसेसर बसतो. सहा कोर, बारा थ्रेड, १०८०पी गेमिंगला आजही दमदार. त्याच्या वेगाला कंपनीनेच कुलूप लावलंय, त्यामुळे कुलपाशिवायच्या बोर्डाचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. वाचलेले दहा हजार कार्डात घाला, एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स) तिथून येतात.

पण सगळ्यात स्वस्त बोर्डही उचलू नका. हे मी सोसलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२०२३ च्या मार्चमध्ये अकोल्यात मेव्हण्यासाठी पीसी बांधला. प्रोसेसर आय७-१२७००एफ, आणि पैसे वाचवायला दुकानातला सगळ्यात स्वस्त, एच६१० चिपसेटचा बोर्ड. दीड महिना काही तक्रार नाही. मे उजाडला आणि मेव्हण्याचा फोन आला: गेम सुरू केल्यावर वीसेक मिनिटांनी अडखळायला लागतो. मी आधी कार्डावर संशय घेतला, मग विंडोज नव्याने टाकलं, मग रॅम बदलून बघितली. शेवटी कॅबिनेटचं झाकण काढून शेजारी टेबलफॅन लावला, तर गेम लोण्यासारखा चालू! तेव्हा लक्षात आलं की बोर्डाचं व्हीआरएम उघडंच होतं, त्यावर उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकचा तुकडासुद्धा नव्हता.

व्हीआरएम म्हणजे प्रोसेसरच्या सॉकेटला लागून असलेला वीजपुरवठ्याचा भाग. एसएमपीएसकडून येणारे १२ व्होल्ट तिथे साधारण सव्वा व्होल्टवर उतरवले जातात. १२४००एफ पूर्ण जोरात ११७ वॉटपर्यंत जातो, म्हणजे त्या चिमुकल्या भागातून शंभरेक अँपिअर वाहतात. १२७००एफ तर १८० वॉटपर्यंत. हा भाग फार तापला की बोर्ड स्वतःला वाचवायला प्रोसेसरची वीज कमी करतो. ओव्हरक्लॉकिंग नसलं तरी हे होतं. गेममध्ये १२४००एफ ११७ च्या बराच खाली राहतो, म्हणून तुमचा प्रश्न मेव्हण्याएवढा गंभीर होणार नाही. तरी भुसावळच्या मे महिन्यासाठी व्हीआरएमवर धातूचा हीटसिंक हवाच. खोक्यावरचे शब्द सोडा, बोर्डाचा फोटो बघा.

असा हीटसिंकवाला एच६१० मिळाला तर तो पुरेल. रॅम त्यावर ३२०० च्या वर जात नाही, आणि तुमची ३२०० चीच आहे. रॅमचे स्लॉट मात्र दोनच. पुढे ३२ जीबी करायची तर या दोन्ही काढाव्या लागतील. ते नको असेल आणि फरक चार हजारांच्या आत असेल, तर चार स्लॉटचा, बी७६० चिपसेटचा बोर्ड घ्या, पण डीडीआर४ वाला. दोन्ही प्रकार विकले जातात, आणि डीडीआर५ च्या स्लॉटमध्ये तुमची रॅम बसणारच नाही. फॅन जोडायच्या पिनाही मोजा. स्वस्त बोर्डावर कॅबिनेटच्या फॅनसाठी एकच जागा असते.

घाटावरचा

थोडं वेगळं मत. १२४००एफ ज्यात बसतो तो एलजीए १७०० सॉकेट आता संपलाय, इंटेलने २०२४ मध्येच नवा सॉकेट आणला. त्यापेक्षा एएमडीच्या एएम५ सॉकेटवर या. ए६२० चिपसेटमध्येही ओव्हरक्लॉकिंग नाही, म्हणून बोर्ड स्वस्त आहेत. एएमडीने हा सॉकेट २०२७ पर्यंत आणि पुढेही चालवायचं जाहीर केलंय. तीन वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलता येईल.

मोर्णाकाठचा

घाटावरचे, नवीन पीसी बांधणाऱ्याला मीही तेच सांगितलं असतं. पण एएम५ ला डीडीआर५ लागते, आणि २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव कसे चढलेत ते तुम्हीही पाहिलंय. दादांकडे १६ जीबी रॅम घरात पडून आहे. नवी घेतली तर ते पैसे थेट कार्डातून जातील. आणि एलजीए १७०० वर उद्या वापरलेला चौदाव्या पिढीचा आय५ बसवता येतो, फक्त बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून घ्यायचं.

वायरमनकाका

खरेदीआधी एक काम करा. विजेच्या दणक्यातून रॅम आणि एसएमपीएस खरंच वाचलेत का, हे दुसऱ्या पीसीत लावून बघा. रॅम गेली असेल तर वरचा सगळा हिशेब बदलतो. एसएमपीएसवर तर माझा अजिबात भरवसा नाही. तो चालू झाला तरी नव्या बोर्डाला लावू नका. आणि घराची अर्थिंग तपासून घ्या, नाहीतर पुढच्या जूनमध्ये पुन्हा हेच.

तापीकाठ (भुसावळ)

काका, बरं झालं सांगितलंत. मित्राच्या पीसीत दोन्ही रॅम लावून रात्रभर तपासल्या, ठणठणीत आहेत. एसएसडीही चालतोय. एसएमपीएस नवा घेतो. अर्थिंगला मात्र करंट उतरतच नव्हता, वायर खड्ड्यापाशी गंजून तुटलेली. घर वडिलांनी बांधलं, तेव्हापासून कुणी बघितलंच नव्हतं.

हीटसिंकवाला एच६१० आणि १२४००एफ ठरवलं. कार्ड आरएक्स ६६००. एसएमपीएस धरून ४५ मध्ये बसतंय. बसवताना काय सांभाळू?

मोर्णाकाठचा

छान ठरवलंत. सॉकेटमधल्या पिना केसाएवढ्या नाजूक असतात, वाकल्या तर वॉरंटी मिळत नाही. दुकानातच सॉकेटवरचं झाकण उघडून पिना बघा, जीएसटीचं पक्कं बिल घ्या. 'एफ' प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं, म्हणून मॉनिटरची केबल बोर्डाला न लावता कार्डाला लावा. पहिल्यांदा सुरू केल्यावर बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमच्या पूर्ण वेगाची सेटिंग) चालू करा, नाहीतर रॅम कमी वेगाने चालत राहील. विंडोज ११ असेल तर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन सोयी चालू लागतात. टीपीएम बायोसमध्ये पीटीटी नावाने सापडेल.

बसवायचं काम भावालाच करू द्या, तुम्ही शेजारी बसा. पहिल्यांदा स्क्रीन उजळली की इथे कळवा.