डीएनबीचा निम्मा काळ कोविड वॉर्डात गेला, आता दवाखाना कसा शिकू?

खानापूरची डॉक्टर:
माझं डीएनबी फॅमिली मेडिसीन, म्हणजे एमबीबीएसनंतरचं फॅमिली डॉक्टरचं पुढचं शिक्षण, २०२० ला सुरू झालं. तीन वर्षांपैकी पहिलं दीड वर्ष कोविड वॉर्डातच गेलं. पेशंटला पालथं झोपवणं, ऑक्सिजनचा हिशेब, रात्री दोन वाजता नातेवाइकांना फोन, हे सगळं अंगवळणी पडलं. बाळंतपण आणि लहान मुलांची पोस्टिंग मात्र नावापुरती झाली.

आता गावातच दवाखाना टाकलाय. परवा एक आजी आल्या. "जेवण जाईना, अंगात त्राण नाही." मी आधी बोटाला ऑक्सिमीटर लावला. ९८. पुढं काय विचारायचं ते सुचेना, म्हणून रक्ताच्या पाच तपासण्या लिहिल्या. उठताना त्या म्हणाल्या, "कवळी मोडलीया, चावता येत न्हाई." रात्रभर झोप लागली नाही. जे राहिलं ते आता कुठं शिकू?

निपाणीचा जुना डॉक्टर:
ताई, त्या काळात माझ्याकडंही दोन नवे डॉक्टर शिकत होते. २५ मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला, त्याच तारखेला टेलिमेडिसीनचे, म्हणजे फोनवरून पेशंट बघण्याचे, नियम आले. राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यापलीकडची, महाराष्ट्रातल्या कागलची माणसं येऊ शकत नव्हती. फोन स्पीकरवर टाकायचो आणि पोरांना ऐकायला बसवायचो. घरच्याला पूर्ण एक मिनिट श्वास मोजायला लावायचा, सहा मिनिटं चालवून ऑक्सिजन ९४ च्या खाली जातोय का बघायला सांगायचं. सगळ्यात अवघड होतं ते स्टेरॉइड न देणं शिकवणं. ज्यांना ऑक्सिजन लागतोय त्यांनाच डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा फायदा, हे जून २०२० मध्येच कळलं होतं. तरी लोक पहिल्या दिवशीच मागायचे.

तुम्ही फोनवर घरच्यांशी तासन्‌तास बोललात ना? तेच आमचं काम. आजींना आठवड्यानं परत बोलवा, वजन करा, वहीत लिहा. एकच माणूस पुन्हा पुन्हा बघणं वॉर्डात मिळत नाही. आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी असते. वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून तिथं उभ्या राहा. वर्षभरात हात बसेल.

चिक्कोडीची सिस्टर:
मॅडम, कन्नड पेशंट 'एदे उरी', म्हणजे छातीत जळजळ, म्हणाला की ॲसिडिटीची गोळी देऊन लगेच पाठवू नका. छातीत दुखतं ते 'एदे नोवु', पण म्हातारी आणि शुगरवाली माणसं हार्टच्या दुखण्यालाही जळजळच म्हणतात. ईसीजी काढाच.

खानापूरची डॉक्टर:
आजींना निरोप धाडलाय, सोमवारी येतायत. ९ तारखेचं आजच विचारून येते.