शब्दचर्चा : वर्णद्वेष, वंशवाद की वंशभेद?

प्रश्न (बेळगाव) :
वाचनालयाच्या व्याख्यानमालेसाठी मी एक टिपण तयार करीत आहे. अमेरिकेतील मिलवॉकी परगण्याने मे २०१९ मध्ये ‘रेसिझम’ हे सार्वजनिक आरोग्यावरील संकट असल्याचे जाहीर केले. मिनियापोलिस येथे मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय नागरिकाचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाल्यावर अनेक शहरांनी तसे ठराव केले, आणि ८ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेच्या राष्ट्रीय रोगनियंत्रण केंद्राच्या तत्कालीन संचालक रोशेल वॅलेन्स्की यांनी त्यास सार्वजनिक आरोग्याला असलेला गंभीर धोका म्हटले. अशा मजकुरात ‘रेसिझम’ला कोणता शब्द योजावा? वर्तमानपत्रांत वर्णद्वेष, वंशवाद, वर्णभेद असे सगळेच आढळतात.

उत्तर (निपाणी) :
‘वर्णद्वेष’ हा सर्वांत रुळलेला शब्द आहे आणि प्रेक्षकांनी एखाद्या खेळाडूच्या रंगावरून शेरेबाजी केली, अशा बातमीत तो अगदी चपखल बसतो. आपल्या विषयाला मात्र तो पुरत नाही, कारण द्वेष असण्यासाठी द्वेष करणारे कोणाचे तरी मन लागते. कोरोनाच्या काळात आशाताई घरोघरी जाऊन बोटाला लावीत असत ते ऑक्सिमीटर आठवावे. रक्तातील प्राणवायू खरोखर घसरलेला असूनही यंत्राने तो ठीक दाखवावा, असे कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत गौरवर्णीयांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडत असल्याचे अमेरिकेतील एका अभ्यासात २०२० साली दिसून आले, आणि २०२१ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने या मर्यादेविषयी सावधगिरीची सूचना काढली. ते यंत्र कोणाचाही द्वेष करीत नाही, ते लावणारी परिचारिकाही करीत नाही, आणि तरीही आकडा ‘ठीक’ आला म्हणून एखाद्या रुग्णाला प्राणवायू उशिरा मिळू शकतो.

म्हणून मी ‘वंशभेद’ सुचवतो. पंक्तिभेद करणाऱ्या वाढप्याच्या मनात द्वेष असतोच असे नाही. कोणाच्या पानात काय पडायचे हे आधीच ठरलेले असते. जातिभेद, लिंगभेद हे शब्दही त्याच घडणीचे आहेत. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाच्या मराठी पाठात धर्म, जात, लिंग यांच्या पंक्तीला ‘वंश’ आहेच, तेव्हा शब्द परका वाटण्याचे कारण नाही. ‘वंशवाद’ टाळावा, कारण हिंदी बातम्यांच्या प्रभावाने तो घराणेशाहीच्या अर्थाने वाचला जातो. ‘वर्णभेद’ दक्षिण आफ्रिकेतील जुन्या राजवटीशी जोडला गेला आहे, शिवाय आपल्याकडे ‘वर्ण’ म्हटले की चातुर्वर्ण्य आठवते.

हा प्रश्न निव्वळ शुद्धलेखनाचा नाही. अमेरिकेत गरोदरपण व बाळंतपणाशी निगडित कारणांनी कृष्णवर्णीय स्त्रियांना मृत्यू येण्याचे प्रमाण गौरवर्णीय स्त्रियांच्या सुमारे तिप्पट आहे. याला द्वेष म्हटले, की कर्मचाऱ्यांना सौजन्याचे चार धडे दिल्यावर सरकारचे काम संपते. भेद म्हटले, की रुग्णालय कोणत्या वस्तीत आहे, विमा कोणाला मिळतो, मृत्यूंची नोंद वंशनिहाय होते की नाही, याचा जाब सरकारला द्यावा लागतो. ठराव करणाऱ्या परगण्यांकडून मला तरी हीच अपेक्षा वाटते.

उत्तर (खानापूर) :
निपाणीच्या सरांशी मी सहमत आहे. आमच्या तालुक्यात ‘वंश’ हा शब्द पुस्तकी नाही. येथील जंगलपट्ट्यात सिद्दी समाज राहतो, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणले गेले. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींचा समावेश अनुसूचित जमातींत २००३ साली झाला. बेळगाव आणि धारवाडमधील सिद्दींना त्यासाठी २०२० पर्यंत थांबावे लागले. पिढ्यानपिढ्या येथेच राहिलेल्या, आमच्यासारखेच मराठी-कोंकणी बोलणाऱ्या एका सिद्दी बाईंना केसपेपरच्या खिडकीशी “तुम्ही कुठल्या देशाच्या?” असे विचारले गेलेले मी स्वतः ऐकले आहे. विचारणारा रागावलेला नव्हता. बाईंनी गावाचे नाव दोनदा सांगितले आणि मागची रांग खोळंबून राहिली. एवढे झाल्यावर पुढच्या खेपेला ती बाई अंगावर दुखणे काढील, पण दवाखान्याची पायरी चढणार नाही, अशी भीती मला वाटते.

एक विनंती मात्र आहे. वाचकाला जवळचे वाटावे म्हणून कोणी ‘रेसिझम’ला सरळ ‘जातिभेद’ म्हणू नये. दोहोंची तुलना जरूर व्हावी, पण जातिभेदाचा इतिहास वेगळा आहे आणि त्यावरचा कायदाही वेगळा आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाण्यापासून रोखणे हा स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरवला आहे. अमेरिकेतील ठराव बहुतांशी धोरणाची दिशा सांगतात, त्यांच्याने कोणी आरोपी ठरत नाही.

उत्तर (चिकोडी) :
कन्नडमधून मजकूर घेणाऱ्यांसाठी एक सूचना करतो. कन्नडमध्ये याला ‘जनांगीय तारतम्य’ म्हणतात. तेथे ‘तारतम्य’ म्हणजे भेदभाव, आपल्याकडे मात्र तारतम्य म्हणजे विवेक. लसीकरणाच्या एका पत्रकाच्या मराठी बाजूवर “कोणतेही तारतम्य न बाळगता सर्वांना सेवा दिली जाईल” असे छापलेले मी वाचले आहे. सीमाभागात मराठी पत्रक मिळणे हेच आधी दुर्मीळ, आणि मिळाले ते असे. तेथे “भेदभाव न करता” एवढेच लिहावे.

प्रश्नकर्ता (बेळगाव) :
सर्वांचा आभारी आहे. टिपणात ‘वंशभेद’ घेतो. मैदानावरील शेरेबाजीचा उल्लेख येतो तेथे ‘वर्णद्वेष’ तसाच ठेवतो. मिलवॉकीच्या ठरावासाठी ‘संकट’ आणि वॅलेन्स्की यांच्या निवेदनासाठी ‘धोका’ असे दोन शब्द वेगळे राखीन, कारण मूळ मजकुरांतही ते वेगळेच आहेत. सिद्दी समाजाचा परिच्छेद टिपणात नव्हता, तो आता घालीत आहे. खानापूरच्या ताईंनी तो एकदा नजरेखालून घालावा.