स्विफ्टचे लोअर आर्म बुश गेलेत : नुसते बुश टाकू की अख्खा आर्म?

घाटकरी
२०१० ची स्विफ्ट डिझेल, १,६२,००० किमी. गेल्याच महिन्यात पासिंग करून ५ वर्षं वाढवून आणलीय, तेव्हा ‘विकून टाक’ कृपया नको. चिपळूण-कराड आठवड्याला एक फेरी असते. स्पीडब्रेकरवरून हळू उतरताना डावीकडून ‘टक्क’ येतो आणि कुंभार्लीत ब्रेक दाबला की स्टिअरिंग डावीकडे ओढतं. मेकॅनिकने टॉमी (लोखंडी दांडा) घालून दाखवलं: डाव्या लोअर आर्मचा (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारा खालचा हात) मागचा बुश (त्याच्या सांध्यातली रबरी नळी) अर्धा फाटलाय, उजव्याला चिरा आहेत. बॉल जॉइंट (आर्मचा चाकाकडचा गोल सांधा) घट्ट आहेत. बजेट मजुरीसकट ५ हजार. जुन्याच आर्ममध्ये नवे बुश प्रेस करून (दाबून बसवून) घेऊ, आर्म बदलू की रबराऐवजी पॉलियुरेथेनचे (कडक प्लॅस्टिकसारखे) बुश टाकू?

सुखी_माणूस
विका आणि मोकळे व्हा. आज बुश, उद्या क्लच, परवा टर्बो.

घाटकरी
पहिला परिच्छेद वाचलात का हो?

नानापेठी
बुशच्या भानगडीत पडूच नका. दोन्ही आर्म, लिंक रॉड, शॉकअप, माउंटिंग, सगळं एकदम करा. मी केलं, २८ हजार गेले, पण गाडी शोरूममधून काढल्यासारखी. नाना पेठेत फिरून एकेक पार्ट स्वतः आणला, बिलं अजून जपून ठेवलीत.

बोलेरोवाला
पॉलियुरेथेन. माझ्या बोलेरोत ३ वर्षं झाली, झीज शून्य.

लालपरी७७
आणि आवाज? माझ्या जुन्या झेनमध्ये हौसेने टाकले होते. पहिल्या पावसानंतर जुन्या पलंगासारखी करकर. प्रत्येक खड्डा थेट मणक्यात. शेवटी काढून पुन्हा रबर टाकलं.

बोलेरोवाला
सिलिकॉन ग्रीस लावलं नसेल. साधं ग्रीस चालत नाही त्याला.

लालपरी७७
लावलं होतं. दोनदा.

चाकधरी
आधी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून बघा, ओढणं त्यानेच जाईल.

हातोडी
उलटं सांगताय. बुश फाटला असताना अलाइनमेंट म्हणजे पैसे गटारात. ब्रेक लागला की चाक मागे रेटलं जातं, फाटका बुश ते धरू शकत नाही, आर्म सरकतो, म्हणून ओढतं. आधी बुश, मग अलाइनमेंट.

आता जे कोणी सांगत नाही ते: आर्मचे नट गाडी जॅकवर असताना शेवटचे आवळू देऊ नका. हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा, दोनदा दाबून हलवा, मग ठरलेल्या टॉर्कवर (आवळायच्या जोरावर) आवळा. रबर आतल्या-बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. लटकत्या आर्मवर आवळलं तर गाडी उतरली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. प्रेस करणार असाल तर जुना बुश काढायच्या आधी आर्मवर मार्करने खूण करा, मागच्या बुशमधल्या पोकळ खाचांची दिशा चुकता कामा नये.

कोल्हापुरी_ऑइल
बरोबर बोलला भावा. आणि सर्व्हिसिंगनंतर खालून डिझेलचा फवारा मारून घ्यायचं बंद करा. गाडी दोन दिवस गप्प होते, पण रबर फुगून मऊ पडतं. माझे नवे बुश असेच ८ महिन्यांत गेले. ‘फ्री आहे साहेब’ म्हणून मीच मारायला सांगितलं होतं!

चाकधरी
फवाऱ्याने गंज लागत नाही पण.

कोल्हापुरी_ऑइल
गंजाचं विचारलंय कोणी?

सावंतवाडी_एक्सप्रेस
मुंबई-गोवा रस्त्यावर फिरणाऱ्याने बुश महिन्याच्या किराण्यात धरावेत. पूर्ण आर्मच घ्या, बॉल जॉइंटही नवा मिळतो.

नानापेठी
तेच तर म्हणतोय मघापासून. पूर्ण आर्म. शॉकअपसकट.

माहेरवाशीण
अहो, त्यांचं बजेट ५ हजार आहे! दादा, आर्म घेणार असाल तर दोन्हीकडचे एकाच कंपनीचे घ्या. मी स्वस्तातला विनानावाचा घेतला, त्याचा बॉल जॉइंट ६ महिन्यांत सैल. त्यापेक्षा मूळ आर्म ठेवून कंपनीचे बुश बरे.

घाटकरी
काल काम उरकलं. बहुमत पूर्ण आर्मचं होतं, पण ठणठणीत बॉल जॉइंट भंगारात द्यायला जीव होईना. दोन्ही बाजूंचे चारही बुश कंपनीचे घेतले, लेथवाल्याकडून प्रेस करून घेतले. खूण मीच केली. मेकॅनिक जॅकवरच आवळत होता, थांबवलं तर म्हणाला, “वीस वर्षं असंच करतोय.” तरी गाडी खाली घेऊनच आवळायला लावलं. अलाइनमेंट धरून ३,९५०. घाटात ब्रेकला सरळ राहते. ‘टक्क’ मात्र थोडा आहेच.

हातोडी
लिंक रॉड. स्टॅबिलायझर बारचा (वळणावर गाडी कलू न देणारी सळी). चाक सरळ ठेवून हाताने हलवून बघा.

घाटकरी
हलतोय. डावा.

नानापेठी
शॉकअपही बघून घ्या.