[मंडळ-यादी] 'तोस्का'साठी माणसं हवीत: काम नेमकं काय?

प्रेषक: चिटणीस

मंडळी, नमस्कार.

इथल्या हौशी ऑपेरा संस्थेने पुच्चिनीचा 'तोस्का' बसवायला घेतला आहे आणि मंडळाकडे माणसं मागितली आहेत. पहिल्या अंकाच्या शेवटी चर्चमधल्या मिरवणुकीला २४ जण, तिसऱ्या अंकात ६ शिपाई, बॅकस्टेजला ४ जण आणि गाणारा एक मुलगा. गायक आणि वाद्यवृंद त्यांचा. नाट्यगृह ३५० खुर्च्यांचं, वाद्यवृंदासाठी खड्डा नाही. आपल्याकडे इटालियन कुणालाच येत नाही. यादीवर या कामातली मंडळी आहेत म्हणून विचारते: नुसतं उभं राहायचं आहे की आणखी काही? बॅकस्टेजवाल्यांना आधी काय सांगून ठेवू?

प्रेषक: रंगमंच-व्यवस्थावाले काका

वहिनी,

'तोस्का'त नुसतं उभं राहायचं काम कुणालाच नसतं. संगीत जेमतेम दोन तासांचं: पहिला अंक साधारण ४५ मिनिटं, दुसरा ४०, तिसरा २८ ते ३०. पण खिडकी बंद होणं, मेणबत्ती उचलणं, गोळी सुटणं, सगळं स्वरलिपीत ठरलेल्या मात्रेवर येतं. आपल्या संगीत नाटकात नट अडखळला तर पेटीवाला दोन आवर्तनं जास्त वाजवून सांभाळून घेतो. इथे वाद्यवृंद थांबत नाही. वस्तू जागेवर नसली की नटाला ती शोधायला वेळच मिळत नाही.

मिरवणुकीच्या लोकांना पहिली गोष्ट ही सांगा की ते आनंदात आहेत. ऑपेरा शोकान्त म्हणून हौशी मंडळी पहिल्या अंकापासूनच स्मशानात आल्यासारखे चेहरे करतात. गोष्ट जून १८०० मधल्या रोमची आहे. १४ जूनला मारेंगोला लढाई झाली आणि नेपोलियन हरल्याची चुकीची बातमी रोमला पोचली, म्हणून सान्त आंद्रेआ देल्ला व्हाल्ले या चर्चमध्ये विजयाचं 'ते देउम' (देवाचे आभार मानायचं स्तोत्र) गायलं जातं. खरी बातमी दुसऱ्या अंकात येते आणि ती ऐकून कैदेतला चित्रकार, तोस्काचा प्रियकर आणि नेपोलियनच्या बाजूचा काव्हारादोस्सी 'व्हित्तोरिआ!' म्हणून ओरडतो. पहिल्या अंकात गर्दी खुशीत नसेल तर दुसऱ्या अंकातली ही कलाटणी फुकट जाते. शिवाय पोलीसप्रमुख स्कार्पिया त्याच गर्दीच्या पुढे उभा राहून गायिका तोस्काला मिळवायचे आणि तिच्या प्रियकराला फासावर चढवायचे बेत गात असतो. मागे उत्सव दिसला तरच तो माणूस भयंकर वाटतो.

मिरवणूक चार-पाच मिनिटांत आटपते. घंटा 'बी फ्लॅट' आणि 'एफ' या दोन स्वरांत सारखी आळीपाळीने वाजते, ऑर्गन वाजतो, मधूनमधून तोफ. पावलं त्या घंटेवर मोजून बसवा, 'हळूहळू चला' म्हणून भागत नाही. मिरवणुकीत धर्मगुरूच्या डोक्यावर धरायच्या छत्राचे चार दांडे विंगेतून बाहेर येताना वरच्या झालरीत अडकतात. विंगेची उंची आणि दांड्याची उंची दोन्ही टेपने मोजा आणि निदान २० सेंटीमीटर मोकळे ठेवा. दांडेवाले चौघे एका उंचीचे निवडा. पाठमोऱ्या लोकांना कंडक्टर दिसत नाही, म्हणून दोन्ही विंगांत मॉनिटर लागतात. नवीन सपाट टीव्ही लावायचा असेल तर आधी तपासा, कारण त्यात चित्र उशिरा पोचतं आणि गाणारे मागे पडतात. नाटकवाले जुने ट्यूबचे मॉनिटर अजून जपून ठेवतात ते त्यासाठीच. आपले लोक गाणार नाहीत, ओठही हलवायचे नाहीत. चुकीचे ओठ पहिल्या रांगेतून स्पष्ट दिसतात.

खड्डा नाही म्हणजे वाद्यवृंद प्रेक्षकांच्या पातळीवर बसणार. मूळ लेखनात ३ बासऱ्या, ४ हॉर्न, ३ ट्रम्पेट, ४ ट्रॉम्बोन आहेत. ३५० खुर्च्यांत ते गायकांना गिळून टाकतील. संस्थेने छोट्या वाद्यवृंदाची आवृत्ती घेतली आहे का, विचारा. पुच्चिनी १९२४ साली गेला, त्यामुळे युरोपात मूळ संगीतावर आता हक्क उरलेला नाही. पण नव्याने केलेली संक्षिप्त वाद्यरचना आणि पडद्यावर दाखवायचं भाषांतर यांचे हक्क वेगळे असतात आणि भाडं द्यावं लागतं. हा खर्च मंडळाच्या गळ्यात पडणार नाही ना, तेवढं लेखी घ्या.

प्रेषक: प्रॉपर्टीवाली

चिटणीसताई, काकांनी बॅकस्टेजच्या चौघांचं सांगितलंच नाही, म्हणून मी लिहिते.

प्रॉपर्टीचं टेबल दोन्ही विंगांत ठेवा. टेबलावर पांढरा कागद चिकटवून प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा काढा आणि आत नाव लिहा. वस्तू नसली तर रिकामी रेषा दिसते, यादी वाचत बसावं लागत नाही.

पहिल्या अंकात टोपली, किल्ली, बायकांच्या कपड्यांचं गाठोडं, पंखा. खाण्याची टोपली चित्रकार तुरुंगातून पळून आलेल्या आंजेलोत्तीला देतो आणि नंतर तीच खाजगी प्रार्थनाघरात रिकामी सापडते. म्हणून ती आत गेल्या गेल्या एकाने रिकामी करायची. पंखा सगळ्यात महत्त्वाचा. आंजेलोत्तीच्या बहिणीचा हा पंखा आत राहून गेलेला असतो. स्कार्पिया तो तोस्काला दाखवून तिच्या मनात मत्सर पेटवतो आणि पुढचं सगळं रामायण त्यातून घडतं. एक जागेवर, दुसरा स्कार्पियाच्या कोटात आधीपासून.

दुसरा अंक, म्हणजे पालात्सो फार्नेसेमधलं जेवणाचं टेबल. सुरी ताटाच्या उजवीकडे, मूठ तोस्का ज्या बाजूने येते तिकडे. स्कार्पियाने ओतलेला स्पॅनिश वाइनचा पेला ती उचलायला येते आणि तेव्हाच तिला सुरी दिसते. पेला आणि सुरी हातभर लांब ठेवली तर ती सुरी शोधतेय असं दिसतं, आणि तिने केलेला स्कार्पियाचा खून आधीच ठरवलेला वाटतो. पातं आत जाणारी स्प्रिंगची सुरी घेऊ नका. स्प्रिंग अडकते आणि मग ती खरी सुरीच होते. टोक गोल केलेली, धार काढून टाकलेली, न हलणारी सुरी घ्या आणि वार प्रेक्षकांपासून लांबच्या बाजूला, कपड्याजवळून जाऊ द्या. रक्ताची पिशवी स्कार्पियाच्या हातात राहू द्या, दाबायचं काम त्याचं. रक्तात थोडा भांड्यांचा साबण घातला की शर्टातून निघतं. तरी शर्ट दोन ठेवा आणि पडायची जागा गालिच्यावर ठरवा. पॉलिश केलेल्या फळ्यांवर सांडलं तर तोस्का घसरते, कारण ती त्याच्याभोवती अजून तीन-चार मिनिटं फिरणार असते.

ती तीन-चार मिनिटं सबंध ऑपेरातली सर्वात अवघड, कारण तिथे जवळपास गाणंच नाही. ती बोटं धुते, आरशात केस सारखे करते, स्कार्पियाने दोघांच्या सुटकेसाठी लिहिलेला परवाना शोधते, तो मेलेल्याच्या मुठीत सापडतो. मग 'याच्यापुढे सगळं रोम थरथरत होतं' हे एका स्वरावर बोलून टाकते. जायला निघते, थांबते, दोन मेणबत्त्या टेबलावरच्या दिव्यावर पेटवते, दिवा विझवते, त्या प्रेताच्या डोक्याशी दोन्ही बाजूंना ठेवते, भिंतीवरचा क्रूस काढून छातीवर ठेवते. फ्रेंच नाटककार सार्दूच्या १८८७ सालच्या नाटकात नटी सारा बर्नार्ड हेच करायची, पुच्चिनीने ते तसंच उचललं.

इथे बिघडतं ते खिळ्यामुळे. क्रूसाच्या मागे बंद कडी असेल तर तो उचलून, वाकवून काढावा लागतो आणि भिंत म्हणजे कॅनव्हासची चौकट असल्याने अख्खी भिंत हलते. उघडा हुक लावा, वर अर्धा इंच सरकवला की हातात आला पाहिजे. चौकटीला मागून टेका द्या. खरी ज्योत हवी असेल तर नाट्यगृहाच्या अग्निशमन नियमांची परवानगी, विंगेत बादली आणि ओलं पोतं घेऊन एक माणूस. परवानगी नसेल तर बॅटरीच्या मेणबत्त्या, बटण अंगठ्याखाली येईल अशा. नव्या वाती पेटायला वेळ लागतो, त्या आदल्या दिवशी एकदा पेटवून काळ्या करून ठेवा. आणि स्कार्पियाला तोंड मागच्या बाजूला वळवून पडायला सांगा, पोट हलताना दिसत नाही.

परवान्याचे कागद दोन करा. दुसरा तिसऱ्या अंकाच्या कपड्यांत शिवलेल्या खिशात, कारण तिथे तोस्का आणि काव्हारादोस्सी दोघं तो वाचतात.

प्रेषक: गायनवर्गाच्या ताई

मुलाबद्दल. तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला तो पडद्यामागून मेंढपाळाचं गाणं गातो. छोटं आहे, पण शब्द रोमच्या बोलीतले आहेत, शिकवणाऱ्याने प्रमाण इटालियनच्या सवयीने ते 'सुधारून' टाकू नयेत. हे गाणं पडदा उघडल्यावर दोन मध्यंतरं धरून दोन तासांनी येतं. तोपर्यंत मुलाला मेकअपरूममध्ये चिप्स खात बसवलंत तर गळा बसतो. त्याला उशिरा बोलवा. रात्री उशिरापर्यंत मुलांना रंगमंचावर ठेवायचे स्थानिक नियम चिटणीसबाईंनी पाहावेत.

लांबून गाताना आवाज मागे पडतो: सेकंदाला ३४३ मीटर या हिशोबाने १७ मीटरला ५० मिलीसेकंद जातात. मुलाने वाद्यवृंद ऐकून गाऊ नये, सहायक कंडक्टरच्या हाताकडे बघून किंचित पुढे गावं. दुसऱ्या अंकातल्या कोरसलाही हेच लागू. राजवाड्यातल्या समारंभाचं गाणं चालू असतं आणि स्कार्पिया खिडकी धाडकन लावतो, त्या क्षणी गाणं तुटतं. कोरसने खिडकीची वाट बघायची नाही. ते हाताच्या इशाऱ्यावर थांबणार, खिडकी अडकली तर ती स्कार्पियाची अडचण.

पहाटेच्या घंटांपैकी सेंट पीटरची घंटा खालच्या 'ई' स्वराची. पुच्चिनीने तो स्वर एका धर्मगुरूकडून मुद्दाम विचारून घेतला होता. तशी खरी घंटा आणायची तर काही टनांचा मामला, ध्वनिमुद्रण वापरा, पण ते वाद्यवृंदाच्या सुराला लावून घ्या.

प्रेषक: चिटणीस

सर्वांचे आभार. काका, शिपाई आणि तोस्काची तटावरून ती शेवटची उडी राहिली. सहाजणांपैकी दोघांनी बंदूक कधी हातात धरलेली नाही.

प्रेषक: रंगमंच-व्यवस्थावाले काका

न धरलेलीच बरी. शिपायांचं काम काव्हारादोस्सीला गोळ्या घालायचं. नळीतून काहीही उडणार नाही अशी लाकडी किंवा भरीव बंदूक द्या, बार विंगेतून. कोऱ्या काडतुसातूनही तप्त कण बाहेर येतात. १९९५ साली इटलीत माचेराताच्या प्रयोगात टेनॉर (उंच पट्टीचे पुरुष गायक) फाबिओ आर्मिलियातो यांच्या पायाला अशाच गोळीबारात इजा झाली होती. भरीव बंदुकीनेही नेम अंगावर धरायचा नाही, काव्हारादोस्सीच्या मागच्या बाजूला, हातभर दूर. प्रेक्षकांना फरक कळत नाही. इशारा अधिकाऱ्याच्या तलवारीचा: तलवार खाली, बार, तो पडला. तलवार आणि बार यांत अर्धा सेकंदही पडला तर लोक हसतात.

पडल्यावर सार्जंट शेवटची गोळी घालायला जातो, स्कार्पियाचा हस्तक स्पोलेत्ता त्याला अडवतो, प्रेतावर कपडा टाकतात आणि शिपाई रांगेने निघून जातात. ही एक्झिट तालमीत नीट चालवून घ्या. सगळे शिपाई तोस्कामागोमाग तटावरून उड्या मारतात ही गोष्ट ऑपेरावाल्यांत पिढ्यान्‌पिढ्या फिरते. खरी असो नसो, बाहेर कधी पडायचं हे न सांगितलेले शिपाई काहीही करतात हे खरं. शेवटी स्पोलेत्तासोबत धावत येणारे आपलेच सहाजण. त्यांना तोस्काला 'पकडायचं' असतं, पण तिच्या झग्याला हात लावायचा नाही.

उडी: समोरून तट सव्वा मीटर उंच दिसू दे, मागे ६० सेंटीमीटरचा लेव्हल (चौथरा) लावा, म्हणजे खरी उडी ६५ सेंटीमीटरचीच उरते. त्यावर ३० ते ४० सेंटीमीटर जाडीची फोमची गादी. गादीची जागा धरून लेव्हलची उंची ठरवा, नाहीतर तोस्का तटामागे कमरेपर्यंत दिसत राहते. ट्रॅम्पोलीन कधीही नाही. ती पायांवर न उतरता बुडावर आणि पाठीवर पडेल हे शिकवा. टाचांचे बूट काढून सपाट चपला घाला, झगा लांब असतो, कुणाला दिसत नाही. मागे दोन माणसं आणि निळा दिवा, तोही तटाच्या खाली, नाहीतर आकाशाच्या पडद्यावर सावल्या नाचतात. ती पडली की तिने पडदा येईपर्यंत हलायचं नाही. ही उडी पूर्ण झग्यात, पूर्ण अंधारात, रंगीत तालमीआधी निदान दोनदा घ्या. ६ शिपायांच्या बुटांची मापं आणि मिरवणुकीच्या २४ जणांच्या उंच्या मला रविवारपर्यंत पाठवा, संस्थेच्या कपडेवाल्या बाई कालच मागत होत्या.