मदत हवी आहे: जुना चेनसॉ आयडलवर (थ्रॉटल सोडल्यावरच्या मंद रेसवर) टिकत नाही, कधी बंद पडतो, कधी रेस धरून ठेवतो

धागाकर्ता

मशीन 40 सीसीचे, 16 इंची बार, वय साधारण 12 वर्षे. काम आंबा-काजूची छाटणी आणि पडलेल्या फांद्या तोडणे. पावसाळाभर बंद होते आणि टाकीत तेल मिसळलेले पेट्रोल तसेच राहिले होते.

थंड असताना चोकवर तिसऱ्या-चौथ्या झटक्याला सुरू होते. पाचेक मिनिटांनी गरम झाले की थ्रॉटल सोडल्यावर रेस लगेच खाली येत नाही, 5-6 सेकंद वरच राहते. मग खाली येते आणि बंद पडते. लाकडात ताकद ठीक वाटते.

आतापर्यंत केलेले: नवा प्लग (गॅप 0.5 मिमी), एअर फिल्टर धुतला, टाकीतला फिल्टर आणि पेट्रोल बदलले, कार्ब्युरेटरवर बाहेरून क्लीनर मारला. एल स्क्रू (कमी रेसवरचे पेट्रोल ठरवणारा) एका आट्यावर ठेवला की मशीन उभेच राहत नाही, दोन आटे मोकळा केला की थोडे तग धरते. कार्ब्युरेटर नवा घ्यावा का?

प्रतिसाद 1

आयडलचा स्क्रू (एलए) अर्धा आटा कसा. बंद पडायचे थांबेल.

प्रतिसाद 2

वरचा उपाय कृपया करू नका. एलए कसला की थ्रॉटलची पाकळी थोडी उघडी राहते आणि मूळ दोष झाकला जातो. अशा मशीनचा आयडल साधारण 2,500 ते 2,800 आरपीएम असतो. तो बराच वर गेला की क्लच पकडतो आणि हात थ्रॉटलवर नसतानाही साखळी फिरते. फांदीवरून पाय बदलताना मांडीजवळ फिरती साखळी असणे म्हणजे अपघातच.

रेस वर अडकणे आणि एल दोन आटे मोकळा लागणे, या दोन्ही खुणा एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात: मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. ही जादा हवा कार्ब्युरेटरच्या पुढून कुठून तरी शिरत असेल, नाहीतर कार्ब्युरेटरच्या आत पेट्रोलची वाट तुंबली असेल. एल मोकळा करून तुम्ही फक्त आयडलपुरती तूट भरून काढत आहात. पूर्ण रेसवर गळतीची हवा तशीच येत राहते. पेट्रोलबरोबरच तेलही कमी पोहोचते, पिस्टनवर रेघोट्या पडतात, शेवटी सिलिंडर जाम होतो. म्हणून दोष सापडेपर्यंत लाकूड कापू नका.

दोन गोष्टी तपासून सांगा. आयडलवर मशीन उजवीकडे, डावीकडे आणि नाक खाली करून धरले तर आवाज बदलतो का? आणि बार-साखळी काढून, मशीन चालू असताना कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामधल्या रबरी नळीवर डब्ल्यूडी-40 चा बारीक फवारा मारला तर रेस बदलते का? फवारा सायलेन्सरकडे जाऊ देऊ नका, तो द्रव पेट घेतो.

प्रतिसाद 3

तोवर कार्ब्युरेटरचे किट मागवून ठेवा. किटमध्ये दोन्ही डायफ्राम (पातळ लवचिक पडदे), गॅस्केट, सुई आणि जाळी येते. नवा कार्ब्युरेटर बहुधा लागणार नाही. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, आणि जुन्या मशीनचे रबर त्यासाठी बनवलेले नसते. चार महिने तसेच राहिले की डायफ्राम कडक होतो. बोटाने दाबल्यावर करकर वाजला तर तो गेला. चांगला डायफ्राम कापडासारखा लवतो.

कार्ब्युरेटर उघडताना गॅस्केट आणि डायफ्रामचा क्रम फोनवर टिपून ठेवा. बहुतेक कार्ब्युरेटरमध्ये मोजणीच्या बाजूला (जिथे पेट्रोलचे प्रमाण ठरते) आधी गॅस्केट, मग डायफ्राम. पंपाच्या बाजूला (जी टाकीतून पेट्रोल ओढते) आधी डायफ्राम, मग गॅस्केट. हे उलटे झाले की दुरुस्तीनंतर मशीन आणखी बिघडते आणि लोक किटला दोष देतात. आतल्या बारीक भोकांत तार घालू नका, भोक मोठे होते. एल आणि एच (पूर्ण रेसवरचे पेट्रोल ठरवणारा) स्क्रू काढून क्लीनर मारा आणि हवेने फुंका.

धागाकर्ता

तपासले. आडवे-तिडवे धरल्यावर फारसा फरक नाही. रबरी नळीच्या खालच्या बाजूला फवारा मारल्यावर रेस एकदम खाली आली आणि मशीन बंद पडले. दोनदा तसेच झाले. डायफ्रामही कडक निघाला.

प्रतिसाद 2

मग गळती तिथेच. नळी काढून उजेडात ताणून बघा, चीर बहुतेक क्लॅम्पच्या कडेला किंवा सिलिंडरच्या तोंडाशी असते. वरून दिसत नाही, वाकवल्यावर उघडते. सिलिकॉन किंवा एम-सील लावून भागवू नका. पेट्रोलने ते सुटते आणि तुकडा थेट आत जातो. नळी नवीच बसवा. काही मशीनमध्ये कार्ब्युरेटरच्या पंपाला क्रँककेसचा (सिलिंडरखालच्या बंद कवचाचा) दाब देणारी वाट याच नळीतून जाते, काहींमध्ये वेगळी बारीक ट्यूब असते. ती ट्यूबही त्याच वयाची, सोबतच बदला.

प्रतिसाद 4

नळी बदलली तरी जोडणीआधी दाब-चाचणी करा. 12 वर्षांत क्रँकची ऑइल सीलही कडक झालेली असू शकतात. सायलेन्सर काढून एक्झॉस्टचे तोंड जुन्या सायकल ट्यूबच्या तुकड्याने बंद करा, पुन्हा सायलेन्सर कसा. नव्या नळीचे कार्ब्युरेटरकडचे तोंडही असेच बंद करा, दाबाची बारीक वाट वेगळी असेल तर तीही. पिस्टन खाली ठेवून प्लगच्या भोकातून हवा भरा. 0.5 बारपर्यंत हवी. गॅरेजचा हातपंप नसेल तर रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा आणि काटा चालतो: 300 वर काटा गेला म्हणजे साधारण 0.4 बार. अर्धा मिनिट काटा हलता कामा नये. हलला तर सांध्यांवर साबणाचे पाणी लावा.

बुडबुडे दिसले नाहीत तरी सील चांगले आहे असे समजू नका. झिजलेल्या सीलची कड आतल्या दाबाने शाफ्टवर चिकटते आणि ओढीला सैल पडते. म्हणून उलट ओढ देणाऱ्या (आतली हवा खेचणाऱ्या) पंपाने 0.5 बारवरही बघा. क्लचकडचे सील काढायचे तर क्लचचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने सुटतात. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून स्टार्टरची जाड दोरी घाला, स्क्रूड्रायव्हर नको.

धागाकर्ता

नळीला सिलिंडरच्या बाजूला जवळपास 1 सेंमी चीर निघाली. नळी, ट्यूब आणि किट बदलले. दाब आणि ओढ दोन्हीत काटा स्थिर. आता सेटिंग कुठून सुरू करू?

प्रतिसाद 2

आधी साखळी-बार लावा, साखळीचा ताण नीट करा, एअर फिल्टर स्वच्छ. एल आणि एच हळूच बसेपर्यंत कसून प्रत्येकी एक आटा मोकळा. जोर लावू नका, सुईचे टोक चेपते. मशीन दोन-तीन मिनिटे गरम होऊ द्या. एल आत-बाहेर फिरवून सर्वात जास्त रेस जिथे येते ती जागा शोधा, तिथून 1/8 आटा मोकळा. थ्रॉटल झटक्यात दाबल्यावर अडखळले तर आणखी थोडा. मग एलए इतका कमी करा की साखळी पूर्ण थांबेल. साखळी थांबवायला गेल्यावर मशीन बंद पडत असेल तर क्लचच्या स्प्रिंगा बघा, तुटल्या की क्लच कमी रेसवरच पकडतो.

एचला टॅकोमीटरशिवाय (रेस मोजायच्या यंत्राशिवाय) हात लावायचाच असेल तर मोकळ्या बाजूलाच ठेवा: लाकडाबाहेर पूर्ण रेसवर आवाज किंचित फुटका यायला हवा, लाकडात शिरताच साफ व्हायला हवा. बाहेरच सणसणीत साफ आवाज येत असेल तर मिश्रण कोरडे आहे, म्हणजे पेट्रोल कमी, लगेच मोकळा करा.

प्रतिसाद 3

पेट्रोल-तेलाचे मिश्रण कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे. 50:1 असेल तर लिटरला 20 मिली, 25:1 असेल तर 40 मिली, तेल टू-स्ट्रोकचेच. पावसाळ्याआधी टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत आयडलवर चालवा.