पुण्याहून एका दिवसात मालवणचं सागरी अभयारण्य होईल का?

वारज्याची_मधुरा
नमस्कार मंडळी. येत्या रविवारी घरच्यांना घेऊन समुद्री अभयारण्य बघायला जायचा विचार चाललाय. लेक पाचवीत आहे, शाळेत सागरी जीवांवर प्रोजेक्ट दिलंय आणि बाईसाहेब म्हणतायत की यूट्यूबवर बघून लिहिणार नाही, खरं बघायचंय. मालवणचं नाव सापडलं. पहाटे ३ ला निघालो तर दुपारी पोचू, किल्ला, स्नॉर्केलिंग, मासे खाऊन रात्री परत, असं जमेल का? सोबत सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. नवरा नुसता "तू नकाशा बघ आधी" म्हणतोय.

घाटमाथा
मधुराताई, नवऱ्याचं ऐका, आयुष्यात एकदा तरी. पुण्याहून मालवण एका बाजूने पावणेचारशेच्या पुढे आहे, म्हणजे जाऊन येऊन साडेसातशे किमी आणि त्यात घाट. दुपारी पोचाल तोवर वारा सुटलेला असतो, पाणी गढूळ, स्नॉर्केलिंगला काय दिसणार? मालवण सकाळचं. आणि सासूबाई सोळा तास गाडीत बसून काय म्हणतील ते मी इथे लिहीत नाही.

जागा मात्र एक नंबर. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपासचा भाग, १९८७ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, साधारण २९ चौ. किमी. प्रवाळ आहेत, खडकातले रंगीत मासे आहेत. तिथल्या मच्छीमारांचा त्याला विरोध होता, मासेमारीवर बंदी येईल म्हणून, त्यामुळे गावात गेल्यावर अभयारण्य कुठंय असं विचारू नका, किल्ला कुठंय विचारा 😄 दोन रात्री काढून जा, मे संपायच्या आत, पावसात बोटी बंद असतात.

पेठेतला_पक्षी
एवढं लांब कशाला, भिगवणला जा की. शंभर किमी, सकाळी जाऊन दुपारी जेवायला घरी. कुंभारगावात होडी मिळते, फ्लेमिंगो समोर उभे असतात.

घाटमाथा
अहो ते उजनी धरणाचं पाणी आहे, समुद्र नाही. पोरीच्या प्रोजेक्टला सागरी जीव पाहिजेत.

पेठेतला_पक्षी
पक्ष्याला कुठं कळतं पाणी खारं का गोडं. बरं राहिलं.

खाडीकाठचा
मी मूळ ऐरोलीचा, नोकरीमुळे सध्या हिंजवडीत, म्हणून सांगतो. एका दिवसात सागरी अभयारण्य पाहिजे तर आमच्याकडे या, ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य. मालवणनंतर राज्यातलं दुसरं सागरी अभयारण्य हेच, २०१५ ला जाहीर झालं, जवळजवळ १७ चौ. किमी, त्यातला निम्म्याहून जास्त भाग तिवरांचा, म्हणजे खारफुटीचा. २०२२ मध्ये रामसर यादीतही गेलं, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत. ऐरोलीला वनखात्याचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, बोट तिथूनच सुटते, तिवरांतून लाकडी पायवाट आहे ती आजींना झेपेल.

पण ताई, रविवार ठरवून खाडीवर येऊ नका, भरती बघून रविवार ठरवा. ओहोटीला खाडीत नुसता चिखल, बोट चालतच नाही. पूर्ण भरती झाली की चिखल बुडतो, मग फ्लेमिंगोंना उभं राहायला जागा नाही, ते उडून सीवुड्सकडच्या पाणथळीत जाऊन बसतात आणि तुम्ही नुसतं पाणी बघून परत. मधली वेळ गाठायची, पाणी चढत असताना भरतीच्या दोनेक तास आधी, नाहीतर उतरताना. चढत्या पाण्यात ते चिखलाच्या उरलेल्या पट्ट्यावर दाटीने येतात, बोटवाला इंजिन बंद करतो आणि चोची पाण्यात फिरवल्याचा आवाज पण ऐकू येतो.

आमच्याकडे जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. हा रविवार रथसप्तमी, सात पाऊणे सव्वापाच, म्हणजे भरती पहाटे आणि संध्याकाळी सव्वापाचच्या आसपास, त्यात भांगाचं पाणी, चढतं पण कमी. पुढचा रविवार पौर्णिमा, पंधरा पाऊणे सव्वाअकरा. सकाळी ९ च्या सुमाराची बोट घ्या. बुकिंग आधी करा, शनिवार-रविवार लवकर भरतात, आणि नेमकी वेळ तिथल्या लोकांकडून पक्की करा, हिशोब आपला अंदाजाला. दुर्बीण न्या. आणि हो, खाडीला वास येतो, अख्ख्या शहराचं सांडपाणी येतं तिथे, आधीच सांगून ठेवतो.

शिवाजीनगर_लोकल
गाडी नसेल त्यांच्यासाठी, सकाळच्या सिंहगड एक्सप्रेसने ठाणे, तिथून ट्रान्सहार्बर लोकलने ऐरोली, पुढे रिक्षा. पण ९ ची बोट चुकेल, उतरत्या पाण्याची घ्यावी लागेल.

वारज्याची_मधुरा
थँक्यू खाडीवाले दादा! सासूबाईंना पाऊणपट वाचून दाखवलं तर म्हणाल्या "एवढं माहीत नव्हतं तुम्हाला? माझे वडील याच्यावर होडी काढायचे." माहेर गुहागरकडचं. स्वतः उठून कालनिर्णय काढलं, हिशोब तपासला आणि दादा पास झाले. पौर्णिमा फायनल.

वारज्याची_मधुरा
जाऊन आलो, उशिरा लिहितेय. पहाटे ५ ला निघालो, जाताना रस्ता मोकळा, येताना घाटात दीड तास अडकलो, ते सोडा. सव्वानऊची बोट मिळाली. पहिली वीस मिनिटं बगळे, कुरव, तिवरं, लेक तोंड पाडून बसलेली. मग वळण घेतलं आणि लांबवर गुलाबी रेघ. जवळ गेल्यावर कळलं, बहुतेक छोटे रोहित (रोहित म्हणजे फ्लेमिंगोच) होते, चोच पार गडद, काळपट लाल. मधेच चारदोन उंच, पांढरट, फिक्या गुलाबी चोचीचे आणि टोक काळं, ते मोठे रोहित. सगळे मान खाली घालून उलट्या चोचीने पाणी गाळत होते, एकाला पण आमच्याकडे बघायला वेळ नव्हता. रंग शेवाळातून येतो हे गाईडने सांगितलं, लेकीने लिहून घेतलं.

पण प्रोजेक्ट फ्लेमिंगोवर झालंच नाही. पायवाटेवर तिला चिखलात उड्या मारणारा मासा दिसला, डोळे डोक्यावर, पुढच्या परांवर सरपटत चिखलातून चाललेला. अर्धा तास हलली नाही तिथून. सासूबाई म्हणाल्या हा तर निवटा, आणि तिने वहीत नाव लिहून होईपर्यंत पुढचं पण सांगून टाकलं, की याचं कालवण काय लागतं म्हणून, लहानपणी डबाभर आणायचो आम्ही. लोणावळ्यापर्यंत पोरगी आजीशी बोलली नाही.