अनुभव धागा: पहाटे कोल्हापूर सोडायचं, निवांत समुद्र बघून रात्री घरी

करवीरची लेक
आज मासेवाली 'देवगडचा बांगडा हाय ताई' म्हणाली आणि तिकडचाच तांबळडेगचा किनारा आठवला. गगनबावड्यापर्यंत धुकं, करूळ घाट उतरला की घामाच्या धारा. किनाऱ्यावर सुरूचं बन, आणि आमच्याशिवाय फक्त रापण ओढणारी माणसं. जाळ्याचं एक टोक काठावर, होडीनं अर्धगोल मारून दुसरं आणलं, मग दोन रांगा मागं सरकत ओढायला लागल्या. पाण्याला घाबरणारे आमचे पप्पा पँट दुमडून रांगेत! दोरानं तळहात लालबुंद. बदल्यात मूठभर तारल्या मिळाल्या, ठेवायला भडंगाचा डबा. पुढं कित्येक दिवस भडंगाला तारलीचा वास. तुमचंही सांगा. गणपतीपुळ्याची गर्दी सोडून!

फुलेवाडी नाका
आम्ही कुणकेश्वरला तांबडा रस्सा घेऊन गेलतो 😂 समुद्राकाठी बसून मटण हाणणारे आपणच.

माहेर मिठबाव
अगं, तांबळडेग आमच्या शेजारीच! गजबादेवीला गेलात की नाही? एक सांगते, खाडीच्या तोंडाशी पाणी कितीही शांत दिसू दे, ओहोटीला उतरू नका. ओढ लई असते. दादा पर्यटकांवर ओरडून ओरडून दमला.

बुलेटवाला
करूळ कशाला? फोंडा घाट. राधानगरी, दाजीपूर, सगळी सावली.

फुलेवाडी नाका
आणि गवा आडवा आला की?

बुलेटवाला
गाडी बंद करायची, गप बसायचं. बसलोय की. मागं सासूबाई होत्या, तेवढ्यात अख्खी रामरक्षा म्हणून झाली त्यांची.

गूळपोळी
सासरे अंथरुणावर, त्यामुळं रात्री परत यायलाच लागतं. आरे-वारेला गेलो, पाय भिजवले, भजी खाल्ली, निघालो. आंबा घाटात पोरं, हे, सगळे झोपलेले. ड्रायव्हर आणि मी जागे. लई बरं वाटलं ते, का कुणास ठाऊक.

करवीरची लेक
गूळपोळी, पुढच्या खेपेला मला सांग. दिवसभर मी बसते त्यांच्यापाशी. खरंच.

गूळपोळी
बघ हं, सांगीन! त्यांना रेडिओ मोठ्यानं लागतो.

माहेर मिठबाव
आल्यावर गाडी खालनं गोड्या पाण्यानं धुवा रे, खाऱ्या वाऱ्यानं पत्रा गंजतो. कुकर झाला, पळते.

पंचगंगा घाट
वर कुणी लिहिलंय का, गाडीत उलटी होणाऱ्या पोरासाठी कुठला घाट बरा?

बुलेटवाला
कुठलाच नाही भावा. लिंबू ठेव, पुढं बसव.